सिंहाने चाटलेली जागा

“आता जे सांगतोय त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” सलूनवाला म्हणाला, आणि बाकावर बसलेल्या टेलरमास्तरांनी खूश होऊन पाय लांब केले. दिवसाची सुरुवात ह्याच वाक्याने व्हायची. ते कानावर पडेपर्यंत सलूनचं शटर उघडलं असं गल्ली धरतच नसे.

खरं नाव त्याला होतं, पण वापरच नसल्यामुळे ते गंजून गेलं होतं. गल्ली त्याला थापेश्वर म्हणायची आणि तोही ती पदवी सरकारदरबारातून मिळाल्यासारखी मिरवायचा. एकदा म्हणे त्याने भर वादळात जहाजाच्या कप्तानाची दाढी केली. जहाज इकडे कललं की हा गाल, तिकडे कललं की तो गाल. वस्तरा नुसता हवेत धरून ठेवला होता, बाकी सगळं समुद्राने केलं. एका गिऱ्हाइकाचे केस तर इतक्या झपाट्याने वाढायचे की मागचे कापून पुढे यावं, तोवर मागचे परत मानेवर रुळायला लागलेले. शेवटी एक माणूस पुढे आणि एक मागे असे दोघं लावले आणि दोघांनी एकाच क्षणी कात्र्या थांबवल्या, तेव्हा कुठे तो गृहस्थ घरी गेला.

पण सगळ्यात गाजलेली गोष्ट सिंहाची. सर्कशीतल्या सिंहाच्या आयाळीत असा गुंता झाला की रिंगमास्टर रडकुंडीला आला. थापेश्वर कंगवा आणि कात्री घेऊन पिंजऱ्यात शिरला, आयाळ मोकळी केली, कडा सारख्या केल्या आणि सिंहापुढे आरसा धरला. सिंह इतका खूश झाला की त्याने प्रेमाने ह्याच्या डोक्यावरून एकदाच जीभ फिरवली.

“ही बघा!” म्हणून थापेश्वर पाठ करून उभा राहायचा. उजव्या कानाच्या मागे, जरा वर, तळहाताएवढ्या जागेत एकही केस उगवत नसे. गुळगुळीत, काचेसारखी चकाकणारी जागा. “सिंहाची जीभ म्हणजे पॉलिशपेपर. तेव्हापासून इथे नांगर फिरवला तरी काही येत नाही.”

पुरावा डोक्यावरच असल्यावर कोण काय बोलणार?

दुकान एकच, पण मधे जाड पडदा. अलीकडे पुरुषांची एक खुर्ची, पलीकडे बायकांची एक. पलीकडची खुर्ची त्याच्या बायकोची. गल्लीची ती वहिनी. पडद्याआडून ही सगळी थापेबाजी ऐकत ऐकत तिने किती डोकी धुतली, सुकवली आणि रंगवली, ह्याला गणती नव्हती. नवऱ्याची थाप ओळखायची तिची एक खूण होती. खरं बोलायचं असलं की तो दोन शब्दांत उरकायचा. थाप मारायची असली की मात्र वारा कुठून सुटला होता, कोणाच्या शर्टाचं कितवं बटण तुटलं होतं, ह्या सगळ्याची हजेरी लागायची. थापेला दागिने फार. खरं बिचारं ओकंबोकं.

तर त्या सकाळी तो म्हणाला, “विश्वास बसणार नाही तुमचा. आज अर्धं जग गेलंय.”

“वा!” टेलरमास्तर म्हणाले. “कुठलं अर्धं?”

“डावं.”

“आणि गेलं कुठे म्हणे?” हे खुर्चीतून बेकरीवाल्याने विचारलं. समोरच्या बेकरीचा हा मालक. गल्लीतली सगळ्यात भरघोस मिशी त्याची. दुपारी त्याचा फोटो काढायचा होता, कारण बेकरीच्या नव्या पाटीवर पावाशेजारी मालकाची मिशी झळकणार होती. म्हणून आज सगळी डागडुजी करून घ्यायला बसला होता.

“माहीत नाही,” थापेश्वर म्हणाला.

टेलरमास्तर वाट बघत राहिले. बेकरीवालाही. दोघांना वाटलं, दम घेतोय. पलीकडे वहिनीने मात्र हातातला ड्रायर बंद केला. ओल्या केसांची बाई म्हणाली, “काय झालं हो?” वहिनी म्हणाली, “काही नाही.” लग्न झाल्यापासून आजतागायत हा माणूस कधी ‘माहीत नाही’ म्हणाला नव्हता. न बघितलेल्या समुद्राची खोलीसुद्धा त्याला माहीत असायची.

तिने ओल्या केसांवर टॉवेल गुंडाळला आणि पडद्याला कान लावला. कात्रीचा आवाज येत होता, नेहमीसारखा, पाखरू टिपतंय तसा. मग ब्रशने केस झटकल्याचा. आणि मग बेकरीवाल्याचा असा काही आवाज आला की वहिनी पडदा बाजूला करून बाहेरच आली.

“लेका, पैज लावलीस का कोणाशी?” बेकरीवाला आरशात बघत ओरडत होता. “काय केलंस हे?”

त्याच्या डोक्याची उजवी बाजू सुबक कापलेली होती. डावी जशीच्या तशी, कानावर लोंबत होती. मिशीचं मात्र उलटं. डावं टोक टोकदार आणि नीटनेटकं, उजवं झाडूसारखं. कोणीतरी ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी रेघ मारून माणूस अर्धा अर्धा वाटून घेतल्यासारखा तो दिसत होता.

टेलरमास्तर बाकावरून खाली घसरायचे बाकी होते. “पाटीवर दोन्हीकडून वेगवेगळा फोटो लाव!” ते डोळे पुसत म्हणाले. “येणाऱ्यांना एक, जाणाऱ्यांना एक!”

“काय झालंय पण?” थापेश्वरने आरशात पाहिलं. मान तिरकी करून, दोन पावलं मागे जाऊन, धंदेवाईक नजरेने पाहिलं. “छान जमलंय की.”

तो मस्करी करत नव्हता. ते वहिनीला त्याच्या पाठीवरूनच कळलं. मस्करीच्या वेळी त्याचे खांदे हलायचे.

तिने मनातल्या मनात जुळवून पाहिलं. केस कापताना तो मागे उभा होता, त्याची डावी ती गिऱ्हाइकाची डावी. मिशीला तो समोर आला, तेव्हा त्याच्या डावीकडे गिऱ्हाइकाची उजवी. दोन्ही वेळा राहिली ती ह्याची डावी बाजू. ती जाऊन त्याच्या डाव्या हाताला उभी राहिली आणि पाण्याचा फवारा त्याच्या खांद्याजवळ धरला.

“अहो, माझ्या हातात काय आहे?”

तो उजवीकडे वळला. टेलरमास्तरांकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. “अगं, आहेस कुठे तू?”

बेकरीवाल्याचं ओरडणं थांबलं. आणि तेव्हाच सगळ्यांना दिसलं की थापेश्वरच्या डाव्या हाताची बोटं मांडीशी आपली आपणच उडतायत, पेटी वाजवल्यासारखी.

“डोकं दुखतंय का?” वहिनीने विचारलं.

“कालपासून.”

दोन शब्दसुद्धा नाहीत. वहिनीने ओल्या केसांच्या बाईला टॉवेलसकट घरी पाठवलं आणि शटर ओढलं.

दवाखान्यात बेकरीवाला बरोबर आला. त्याच्याच डिलिव्हरीच्या गाडीतून गेले तिघं, पावांच्या ट्रेमधे अंग चोरून. गळ्यातलं कापड काढायचंही तो विसरला होता. त्यामुळे दारातच गोंधळ झाला. नर्स लगबगीने आली, तिने तिघांकडे एक नजर टाकली आणि बेकरीवाल्याच्या दंडाला धरलं. “चला काका, घाबरू नका, झोपा इथे.”

“मी नाही हो! मी नुसता गिऱ्हाईक आहे.”

“हो हो, सगळे असंच म्हणतात. झोपा बघू.”

त्याला स्ट्रेचरवरून उतरवून खऱ्या रोग्याला झोपवायला दोन माणसं लागली. मग एक तरुण डॉक्टर आला, चटपटीत, बोलण्यात पटापट. वहिनी खिडकीवर नाव नोंदवायला गेली होती. त्याने थापेश्वरच्या डोळ्यांत बॅटरी मारली, हात उचलायला लावले आणि म्हणाला, “पक्षाघातासारखं दिसतंय. वेळ घालवून चालणार नाही. आधीचं काही दुखणं? ऑपरेशन वगैरे?”

“काही नाही,” बेकरीवाला छातीठोकपणे म्हणाला. “घोड्यासारखी तब्येत आहे.”

“मग हा डोक्यावरचा चट्टा कसला?”

“तो होय! तो सिंहाचा.”

“कशाचा?”

“सिंहाचा. म्हणजे चावला नाही, नुसता चाटला. प्रेमाने. सर्कशीतला होता.”

तरुण डॉक्टरने बेकरीवाल्याच्या डोक्याकडे पाहिलं, मिशीकडे पाहिलं, आणि नर्सकडे वाकून हळूच म्हणाला, “ह्यांचाही नंबर लावून ठेवा.”

तेवढ्यात वहिनी आली. डॉक्टरने तिला तोच प्रश्न विचारला. आणि गंमत बघा, तिच्याही ओठांवर सिंहच आला. वीसएक वर्षं पडद्याआडून ऐकून ऐकून तिलाही तो सिंह दिसायला लागला होता, त्याच्या मिशांसकट. खरं काय ते तिने इतकं खोल पुरून ठेवलं होतं की ते वर काढायला तिला श्वास घ्यावा लागला.

“गाठ होती डोक्यात,” ती म्हणाली. “ह्या गल्लीत यायच्या आधी. ऑपरेशन करून काढली आणि मग लाइट दिली. रेडिएशन. जिथे लाइट दिली तिथे केस परत आलेच नाहीत.”

तरुण डॉक्टरचा चेहराच बदलला. “हे आधी सांगायचं, ताई!” म्हणत तो मोठ्या डॉक्टरांना बोलवायला धावला.

बेकरीवाला मात्र जागच्या जागी उभा होता. “म्हणजे सिंह नव्हता?”

“नव्हता, भावजी.”

“अजिबात?” त्याने गळ्यातलं कापड आता कुठे काढलं. “बरं, निदान सर्कस तरी?”

मोठ्या डॉक्टर म्हणजे एक ठेंगण्या बाई, मेंदूच्या तज्ज्ञ. चष्मा कपाळावर. त्यांनी आधी थापेश्वरच्या हातात पेन्सिल दिली आणि कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. त्याने गोल काढला, मग आकडे लिहिले, एकपासून बारापर्यंत सगळे. पण सगळे उजव्या अर्ध्यात कोंबलेले, बसमध्ये चढलेल्या गर्दीसारखे. डावा अर्धा कोरा.

“झालं?” बाईंनी विचारलं.

“झालं.”

वहिनी वाट बघत होती. असं घड्याळ म्हणजे सोन्यासारखी संधी. अशी घड्याळं कुठल्या बेटावर वापरतात, तिथली माणसं दुपारनंतर काय करतात, एरवी अख्खा अध्याय झाला असता. तो नुसता पेन्सिल परत देऊन छताकडे बघत राहिला. तेव्हा, त्या दिवसात पहिल्यांदाच, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्कॅन झाले. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. “रेडिएशनने गाठीचा बंदोबस्त होतो, पण आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम राहून जातो. कित्येक वर्षं काहीच होत नाही. माणूस विसरूनही जातो. आणि मग एक दिवस तो भाग बंड करतो. डोकं दुखतं, एका बाजूचं दिसत नाही, हाताला झटके येतात. बघणाऱ्याला पक्षाघातच वाटतो. तुमची गाठ उजवीकडे होती, म्हणून डावं जग गेलं.”

“गाठ परत आलीय का?” वहिनीने विचारलं. सकाळपासून हा एकच प्रश्न तिच्या मनात होता.

“स्कॅनवर तसं दिसत नाही. आणखी एकदा करून खात्री करून घेऊ.”

“आणि अर्धं जग?”

“बहुतेकांचं हळूहळू परत येतं. आठवडे लागतात, कधी महिने. झटक्यांसाठी गोळ्या देते. मात्र असं पुन्हा होऊ शकतं, हे लपवून ठेवणार नाही मी.”

“धंदा?” थापेश्वरने विचारलं.

“डावीकडचं दिसायला लागलं की कात्री धरा, मशीन धरा. वस्तरा मात्र आता नाही. दुकानात एकटं राहायचं नाही. डोकं दुखायला लागलं की हत्यार खाली ठेवून इकडे यायचं.”

घरी आल्यावर झटके थांबले, डोकेदुखी ओसरली, पण एक नवीनच संकट उभं राहिलं. थापेश्वर खरं बोलायला लागला.

सुरुवातीला गल्लीला वाटलं, अशक्तपणा आहे. मग माणसं दुखावून परत जायला लागली. टेलरमास्तर फुलं घेऊन भेटायला आले तर हा म्हणाला, “मास्तर, तुम्ही शिवलेल्या माझ्या कोटाची एक बाही आखूड आहे. आधीपासून.” मेहुणीने फोनवर विचारलं, “भावोजी, माझा आवाज ओळखलात का?” तर म्हणाला, “हो, कर्कश आहे.” बेकरीवाल्याला सांगितलं की त्याची बिस्किटं ओली होतात. बेकरीवाला दाराशी येऊन वहिनीला म्हणाला, “वहिनी, ह्याला काहीतरी गोळी द्या. पूर्वीचा हा खोटारडा बरा होता. ह्या माणसाशी दोस्ती ठेवायची म्हणजे जिवावरचं काम आहे.”

बेकरीवाल्याने बिचाऱ्याने दोन्ही मिश्या सारख्या उडवून टाकल्या होत्या आणि नवी पाटी नुसत्या पावावर भागवली होती.

जेवताना थापेश्वर ताटातलं उजवीकडचं तेवढं खायचा आणि म्हणायचा, “संपलं.” वहिनी ताट अर्धं फिरवायची. “अरे, आहे की अजून,” म्हणून तो परत जेवायला लागायचा. हे ताट फिरवणं तिच्या अंगवळणी पडलं. पाहुण्यांचंही ताट ती फिरवायची आणि पाहुणे दचकायचे.

दुकान तिने बंद ठेवलं नाही. पडदा गुंडाळून दोन्ही खुर्च्या एकटीने चालवायला लागली. हात चांगला होता तिचा. पण पुरुष गिऱ्हाइकं खुर्चीत बसायची, छताकडे बघायची, आणि थोड्या वेळाने म्हणायची, “फार शांत वाटतंय, नाही?” केस ती कापू शकत होती, पण थापा कुठून आणणार? तिने एकदा प्रयत्न केला. म्हणाली, “आमच्याकडे एकदा एक हत्ती आला होता.” गिऱ्हाईक आशेने म्हणालं, “मग?” वहिनी म्हणाली, “मग गेला.”

एके दुपारी ती दुकानातून घरी आली तर तो खिडकीशी बसला होता. मांडीवर वस्तऱ्याची पेटी, बंद.

“त्या दिवशी,” तो म्हणाला, “केसांच्या आधी त्याची मान साफ केली होती मी. वस्तऱ्याने.”

वहिनी त्याच्यासमोर येऊन बसली.

“मानेवर वस्तरा असताना जग गेलं असतं तर?”

“गेलं नाही ना.”

“पुन्हा जाऊ शकतं, बाई म्हणाल्या. ती खुर्ची देऊन टाक. मी तिच्यामागे परत उभा राहणार नाही.”

एवढं लांब खरं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला होता. वहिनीने वस्तऱ्याची पेटी उचलून कपाटाच्या माथ्यावर टाकली. “वस्तरा गेला. आता बोला. कात्रीने कोणाचा जीव गेलाय आजवर?”

“मला डावीकडचं दिसत नाही.”

“दिसायला लागल्यावर?”

“लागल्यावर बघू,” तो म्हणाला, आणि विषय संपवला.

महिने गेले. पुढचा स्कॅन चांगला आला, त्याच्या पुढचा त्याहून चांगला. गाठीचं नाव नाही. डॉक्टरबाई नाकासमोर बसून दोन्ही बाजूंना बोटं हलवायच्या आणि विचारायच्या, “कुठलं हललं?” उजवीकडचं हललं की तो सांगायचा. डावीकडचं हललं की गप्प. बाई स्कॅनकडे बघायच्या, त्याच्याकडे बघायच्या. “आतापर्यंत यायला हवं होतं,” त्या म्हणायच्या. “असो, कोणाला जास्त वेळ लागतो.” घरी वहिनी ताट फिरवतच होती.

शेवटी थापेश्वरने स्वतःच पलीकडच्या पेठेतल्या एका सलूनवाल्याशी बोलून टाकलं. उद्या सकाळी तो टेम्पो घेऊन खुर्ची न्यायला येणार होता. ही बातमी ऐकून वहिनी एवढंच म्हणाली, “बरं. मग आज या दुकानात. खुर्चीला शेवटचं भेटून घ्या.”

आला. बाकाच्या डाव्या टोकाला तो बसायचा, म्हणजे सगळं दुकान उजव्या नजरेत राहायचं. पण आज तिथे बेकरीवाला आधीच येऊन पसरला होता, आणि तो एकदा बसला की क्रेननेच उठायचा. म्हणून थापेश्वर उजव्या टोकाला बसला. खुर्ची आणि आरसा त्याच्या डाव्या हाताला गेले. बेकरीवाला मधे नको म्हणून भिंतीला टेकून मागे सरला. खुर्चीत टेलरमास्तर होते. केस झाले होते, कल्ले राहिले होते. वहिनी कात्री घेऊन मागे उभी.

खुर्ची उद्या जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि प्रत्येक जण तिच्याकडे न बघायची खटपट करत होता.

“काय रे,” बेकरीवाला शेवटी न राहवून म्हणाला, “तुझ्या त्या डावीकडे असतं तरी काय? काळोख?”

थापेश्वरने त्याच्याकडे पाहिलं. मग समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली आणि तिथेच नजर लावून बसला.

“काळोख कुठला,” तो म्हणाला. “तुमचा विश्वास बसणार नाही.”

टेलरमास्तरांचे पाय आपोआप लांब झाले. वहिनीची कात्री हवेत थांबली.

“तिकडे एक गाव वसलंय,” थापेश्वर म्हणाला. “आधी मलाही कळलं नाही. मग आवाज यायला लागले. सगळ्यांच्या हरवलेल्या गोष्टी तिकडे जातात. जोडीतला एक मोजा, कानातला एक डूल, छत्री. छत्र्यांचं तर जंगल आहे, मास्तर. तिथला महापौर एक कप्तान आहे, त्याच्या कोटाचं तिसरं बटण तुटलंय. त्याला म्हटलं, आमच्याकडे टेलर आहे एक, पण बाही आखूड करतो.”

“झालं परत बाहीचं!” टेलरमास्तर म्हणाले, पण त्यांचा आवाज हसत होता.

“कप्तान म्हणाला, चालेल, माझा एक हात आखूडच आहे. वारा तिकडे कायम खालून वर वाहतो, त्यामुळे कोणाच्या केसांचा भांग बसत नाही. गावभर सलून एकही नाही. लोक मला म्हणतात, राहा इथेच. घर देतो, मान देतो. मी विचारात पडलो. म्हटलं, बायकोला विचारून सांगतो. तर ते म्हणाले, तिचीही एक चप्पल इथेच आहे, दुसरी आणायला सांगा…”

बेकरीवाल्याचं तोंड उघडं पडलं होतं. “आणि रस्ता? रस्ता कुठून जातो?”

वहिनी ऐकत होती. एकेक दागिना तिच्या कानावर येऊन पडत होता. तिसरं बटण, खालून वर वाहणारा वारा, एक चप्पल. कित्येक महिन्यांत तिने असं काही ऐकलं नव्हतं. आणि तिला एकाएकी जाणवलं की गेले कितीतरी दिवस ती ताट फिरवते तेव्हा डावीकडे फार थोडं उरलेलं असतं. एक घास. तोही सजवून ठेवल्यासारखा, कडेला.

तिने आरशात पाहिलं. नवरा कॅलेंडरकडे तोंड करून, हातवारे करत बोलत होता. खुर्ची त्याच्या डाव्या कडेला, पार टोकाला. मान काही केल्या इकडे वळत नव्हती.

वहिनीने टेलरमास्तरांचा डावा कल्ला कंगव्यात धरला आणि कात्री हळूहळू वर न्यायला लागली. कानाच्या मधोमध. त्याच्याही वर. भुवईच्या रेषेत. टेलरमास्तर डोळे मिटून गोष्टीत बुडाले होते.

“रस्ता ना,” थापेश्वर कॅलेंडरला सांगत होता, “रस्ता सोपा आहे. पण जाताना उजव्या पायाने जायचं नाही, कारण तिथले कुत्रे… अगं, अगं, वर चाललीस! डावा कल्ला जाईल ना त्यांचा, खाली घे, खाली!”

मान वळली नव्हती. नुसता हात पुढे आला होता, बरोबर कात्रीच्या दिशेला.

टेलरमास्तरांनी एक हात कल्ल्यावर ठेवला. बेकरीवाल्याने थापेश्वरकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, परत थापेश्वरकडे पाहिलं, आणि त्याच्या नव्या मिशीखाली हसू फुटायला लागलं.

वहिनीने कात्री उलटी धरली, मूठ नवऱ्याच्या बाजूला करून, त्याच्या डाव्या हाताला जितकी लांब नेता येईल तितकी लांब नेली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“थापा मारता होय हो मला? दिसतंय की तुम्हाला डावीकडचं!”